२१४७४८३६४७ : एका अविभाज्य संख्येचा परिचय

दहा अंकांची ही संख्या आपल्या स्थाननामांनी वाचावयाची झाल्यास दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी वाचावी लागेल. (भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोटीनंतर अर्बुद आणि त्यानंतर अब्ज येते, तेव्हा येथे एक अब्ज म्हणजे शंभर कोटी समजावेत.) अंकांकडे नुसते पाहून तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटणार नाही. परंतु तीच संख्या द्विमान पद्धतीत मांडली, म्हणजे ० आणि १ ह्या दोनच चिन्हांनी लिहिली, तर ओळीने एकतीस वेळा १ एवढेच तिचे रूप होते. कारण २ ह्या संख्येचा एकतिसावा घात २१४७४८३६४८ आहे, आणि प्रस्तुत संख्या त्याहून एकाने उणी आहे. तिच्या साऱ्या वैशिष्ट्यांचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

पुढील विवेचनाच्या सोयीसाठी २ च्या न-व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येस म(न) असे लिहू. मग म(२) = ३, म(३) = ७, म(५) = ३१, आणि आपली संख्या म्हणजे म(३१). न ही संयुक्त संख्या असेल तर म(न) ही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, म(६) म्हणजे ६३ हिला म(२) म्हणजे ३ आणि म(३) म्हणजे ७ ह्या दोहोंनी भाग जातो. म्हणून म(न) अविभाज्य असावयाची तर न अविभाज्य असलाच पाहिजे. मात्र ह्याचा व्यत्यास खरा नाही. न = ११ घेतल्यास म(११) = २०४७ = २३ × ८९ येते. कोणता अविभाज्य घातांक अविभाज्य संख्या देतो आणि कोणता देत नाही, ह्या प्रश्नाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी थोरांच्या चुकांचा इतिहास आहे.

बोलोन्या येथील गणिती पिएत्रो कातालदी ह्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस म(१७) आणि म(१९) ह्या अविभाज्य असल्याचे भागाकार करून दाखविले. त्याने ७५० पर्यंतच्या अविभाज्य संख्यांचे कोष्टक तयार केले होते आणि म(१९) = ५२४२८७ हिच्यासाठी ते पुरेसे होते, कारण तिचे वर्गमूळ ७२५ च्या आत आहे. इथवर सर्व ठीक. पण पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही अविभाज्य संख्या देतात असे विधान केले. फर्माने १६४० मध्ये म(२३) ला ४७ ने आणि म(३७) ला २२३ ने भाग जातो हे दाखविले, आणि पुढे ऑयलरने म(२९) चा अवयव २३३ शोधून काढला. चार विधानांपैकी तीन चुकीची ठरली. उरले ते एकच, आणि ते आपल्या संख्येविषयीचे होते. ते खरे होते, परंतु कातालदीपाशी त्याची सिद्धता नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१६४४ मध्ये पॅरिसच्या मारँ मेर्सेन ह्या धर्मोपदेशकाने २५७ पर्यंतचे घातांक विचारात घेऊन २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घातांक अविभाज्य संख्या देतात असे जाहीर केले. ह्या यादीमुळे त्याचे नाव ह्या संख्यांस कायमचे चिकटले. यादीत ६७ आणि २५७ हे चुकून आलेले आणि ६१, ८९ व १०७ हे चुकून राहिलेले आहेत. एखाद्या वर्गास ज्याच्या नावाने ओळखतात त्याने पाच चुका केलेल्या असाव्यात, हे गणिताच्या इतिहासात अगदीच अपूर्व नसले तरी मौजेचे आहे. तथापि मेर्सेनच्या काळी म(३१) ची तपासणी कोणत्या खटाटोपाची होती हे पाहिल्यास त्यास दोष देण्याची इच्छा राहात नाही.

कोणतीही संख्या अविभाज्य आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या अविभाज्य संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो. म्हणजे आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ ह्यांच्या दरम्यान आहे. ४६३४० पर्यंत सुमारे चार हजार आठशे अविभाज्य संख्या आहेत. तितके भागाकार हाताने करणे, आणि एकाही ठिकाणी चूक होऊ न देणे, हे मनुष्याच्या शक्तीपलीकडचे नसले तरी त्याच्या धीराची परीक्षा पाहणारे आहे. ऑयलरने हे काम १७७२ पर्यंत पुरे केले आणि तसे बेर्नुली ह्यास पत्राने कळविले. त्या वेळी ऑयलर पासष्टीत होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती. ह्या कामी त्याच्या उपयोगी पडले ते भागाकारातील कौशल्य नव्हे, तर कोणते भागाकार करण्याची गरजच नाही हे ओळखण्याची युक्ती. ती अशी.

क ही अविभाज्य संख्या म(३१) ला निःशेष भागते असे समजू. मग २ च्या एकतिसाव्या घातास क ने भागल्यास शेष १ राहील. दुसऱ्या बाजूने, फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (क − १) व्या घातास क ने भागले असताही शेष १ च राहतो. आता २ च्या ज्या सर्वांत लहान घातास क ने भागल्यावर शेष १ उरतो त्या घातांकाचा विचार करावा. हा लघुतम घातांक ३१ चाही भाजक असला पाहिजे आणि क − १ चाही. परंतु ३१ स्वतः अविभाज्य. तेव्हा तो घातांक १ तरी असेल किंवा ३१ तरी. तो १ असणे शक्य नाही, कारण मग २ − १, म्हणजे १, हिला क ने भाग जावा लागेल. म्हणून तो ३१ च, आणि म्हणूनच क − १ ला ३१ ने भाग जातो. शिवाय क विषम असल्याने क − १ सम आहे. ह्यावरून क ही ६२ च्या पटीत १ मिळवून येणारी संख्या असली पाहिजे. एवढ्या एका निष्कर्षाने पुष्कळशा अविभाज्य संख्या विचारातून बाद होतात.

ह्याच्या पुढची पायरी अधिक सुंदर आहे. २ च्या एकतिसाव्या घाताचा शेष १, तर बत्तिसाव्याचा शेष २. पण बत्तिसावा घात म्हणजे सोळाव्या घाताचा वर्ग. तेव्हा एका पूर्ण वर्गास क ने भागले असता २ शेष राहतात असे झाले. वर्गशेषांच्या सिद्धांतातील एका प्रसिद्ध प्रमेयानुसार असे केवळ त्याच विषम अविभाज्य संख्यांच्या बाबतीत घडते, ज्यांना ८ ने भागले असता शेष १ किंवा ७ उरतो. ही अट पहिल्या अटीशी जोडली की क ला २४८ ने भागल्यावर राहणारा शेष १ किंवा ६३ एवढाच असू शकतो. (२४८ म्हणजे ८ × ३१.) ह्या दोन प्रकारच्या संख्या ४६३४० पर्यंत लिहून काढल्यास, १ वगळता, ३७३ होतात. त्यांतली पहिली, ६३, उघडच संयुक्त. पुढच्या २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३ ह्या दहांमध्ये ३११ आणि १३०३ ह्या दोनच अविभाज्य आहेत. शेवटपर्यंत अशी निवड केल्यास करावयाचे भागाकार ऐंशीच्या आसपास उरतात. चार हजार आठशेंवरून ऐंशीवर! हा फरक केवळ श्रमांच्या बचतीचा नाही. जी गोष्ट व्यवहारतः अशक्य होती ती त्याने शक्य झाली.

प्रस्तुत लेखकाने एकदा पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसमवेत ह्या भागाकारांपैकी काही कागदावर करून पाहिले. दहा अंकी भाज्य घेऊन बसण्याची आवश्यकता नसते. शेषांचाच वर्ग करीत जावे. ३११ चे उदाहरण घेऊ. २ चा दहावा घात १०२४. त्यास ३११ ने भागता शेष ९१. विसाव्या घातासाठी ९१ चा वर्ग ८२८१, शेष १९५. तिसाव्यासाठी १९५ × ९१ = १७७४५, शेष १८. म्हणून एकतिसाव्याचा शेष ३६, आणि त्यातून १ वजा जाता ३५. शून्य आले नाही, ३११ बाद. १३०३ साठी ह्याच रीतीने शेष २२६ येतो. एका विद्यार्थ्याच्या वहीत पुढील एका संख्येपाशी शेष शून्य आला आणि वर्गात क्षणभर खळबळ उडाली. गुणाकारात हातचा एक राहून गेला होता. त्या दुपारी आमच्यापैकी प्रत्येकास उमजले की, ऑयलरच्या निष्कर्षातील अवघड भाग अंधत्वातही ऐंशी वेळा हातचा न विसरणे हा असावा.

ह्या सिद्धतेने म(३१) ही तत्कालीन ज्ञात अविभाज्य संख्यांमध्ये सर्वांत मोठी ठरली आणि पाऊण शतकाहून अधिक काळ तिने तो मान टिकविला. ज्ञात मेर्सेन-अविभाज्य संख्यांत तिचा क्रमांक आठवा लागतो. येथे आणखी एका प्राचीन वर्गाचा उल्लेख करावयास हवा. जी संख्या आपल्या सर्व लहान भाजकांच्या बेरजेइतकी असते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ आणि २८ ही सर्वपरिचित उदाहरणे होत. म(न) अविभाज्य असल्यास तिला २ च्या (न − १) व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते हे युक्लिडने दाखविले, आणि सर्व सम परिपूर्ण संख्या ह्याच साच्याच्या असतात हे ऑयलरने. आपल्या संख्येपासून अशा रीतीने २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

इंग्लंडमधील पीटर बार्लो ह्याने १८११ मधील आपल्या अंकशास्त्रावरील ग्रंथात ह्या एकोणीस अंकी संख्येविषयी असे मत नोंदविले आहे की, ह्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाईल असे वाटत नाही. कारण ह्या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून त्यांच्यापुढे जाण्याचा खटाटोप कोणी करणार नाही. बार्लो हा कोष्टकांच्या कामात मुरलेला, व्यवहारी दृष्टीचा गणिती होता, आणि त्याचे मत त्या काळी समंजस वाटले असेल. तरीही त्यात दोन गृहीते आहेत: एक, निरुपयोगी गोष्टींच्या मागे कोणी लागत नाही, दुसरे, ह्या संख्या निरुपयोगी आहेत. दोन्ही खोटी ठरली.

पहिल्याविषयी फार लिहावयास नको. १८७६ मध्ये ल्यूकाने म(१२७) अविभाज्य असल्याचे दाखविले आणि १८८३ मध्ये पेर्वुशिनने मेर्सेनच्या यादीत नसलेली म(६१). ल्यूकाची पद्धत लेमरने पुढे सुटसुटीत केली. ४ पासून प्रारंभ करावा. वर्ग करून २ वजा करावेत. म(न) ने भागून शेष घ्यावा. असे न − २ वेळा केल्यावर शेष शून्य आला तर, न विषम अविभाज्य असता, म(न) अविभाज्य, एरवी संयुक्त. म(५) = ३१ साठी ४, १४, नंतर १९४ चा शेष ८, नंतर ६४ − २ = ६२ चा शेष ०. संपले. म(३१) साठी अशा एकोणतीसच पायऱ्या लागतात. हीच कसोटी यंत्रांवर चालवून २०२४ अखेरपर्यंत बावन्न मेर्सेन-अविभाज्य संख्या ज्ञात झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बावन्नाव्या संख्येचा घातांक १३६२७९८४१ असून तिच्यात चार कोटींहून अधिक अंक आहेत.

उपयोगाकडे वळण्यापूर्वी आपली संख्या कोणत्या वर्गांत बसत नाही हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. ती जुळ्या अविभाज्य संख्यांपैकी नाही: तिच्याहून दोनाने लहान असलेल्या संख्येच्या शेवटी ५ आहे आणि दोनाने मोठ्या असलेल्या संख्येस ३ ने भाग जातो. (तो भाग दिल्यावर येणारी ७१५८२७८८३ ही संख्या मात्र पुन्हा अविभाज्य आहे.) तिला ८ ने भागता शेष ७ राहतो, म्हणून ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, चार वर्ग लागतातच. तिची दुप्पट करून १ मिळविल्यास ४२९४९६७२९५ येते आणि ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ अशी फुटते. हे पाचही अवयव फर्माच्या संख्या होत. ह्याच्या पुढची फर्माची संख्या, म्हणजे ४२९४९६७२९७, अविभाज्य असावी असे फर्मास वाटत होते. ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखविले. एका संख्येचा अविभाज्यपणा खोडून काढणे आणि चाळीस वर्षांनी तिच्या शेजारच्या घराण्यातील दुसरीचा प्रस्थापित करणे, ही दोन्ही कामे एकाच बुद्धीने आणि एकाच युक्तीने केली.

आता बार्लोच्या दुसऱ्या गृहीताकडे येऊ. संगणकात पूर्णांक साठविण्यासाठी दीर्घकाळ बत्तीस द्विमान स्थाने वापरण्याची प्रथा होती. त्यांतील एक स्थान धन-ऋण चिन्हाकडे गेले की एकतीस उरतात, आणि त्या सर्वांत १ भरले की २१४७४८३६४७ ही त्या यंत्राला ठाऊक असलेली सर्वांत मोठी धन संख्या होते. तिच्यात १ मिळविल्यास यंत्र चूक झाल्याचे सांगतेच असे नाही. पुष्कळदा ते शांतपणे उणे २१४७४८३६४८ हे उत्तर देते. भरलेल्या हौदात आणखी घागरभर पाणी ओतावे आणि हौद रिकामा व्हावा, त्यातला हा प्रकार.

ह्याचे परिणाम पुस्तकी नाहीत. अनेक संगणक-प्रणाली १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून उलटलेले सेकंद मोजून वेळ ठेवतात. ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी, म्हणजे भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, आपल्या संख्येवर पोहोचेल. मोजणीस बत्तीसच स्थाने ठेवलेल्या यंत्रांत त्यापुढच्या सेकंदाला तारीख १९०१ च्या डिसेंबरात जाईल. नव्या प्रणालींनी चौसष्ट स्थाने स्वीकारली आहेत. प्रश्न आहे तो भिंतीत, यंत्रांच्या पोटात आणि जुन्या कारखान्यांत बसविलेल्या, कोणाच्याही आठवणीत नसलेल्या लहान संगणकांचा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने एका प्रकारच्या प्रवासी विमानांसाठी आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्र-नियंत्रकांतील एक गणक भरून वाहतो आणि सर्व जनित्रे एकदम बंद पडू शकतात, म्हणून ठराविक काळाने तो पुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा, असा तो आदेश होता. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजल्यास २ चा एकतिसावा घात साडेअठ्ठेचाळीस अधिक दोनशे दिवसांत पुरा होतो. ऑयलरचे २४८ आणि हे २४८ ह्यांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. पण योगायोग नोंदल्यावाचून राहवले नाही.

वरील उदाहरणांत संख्येचे केवळ आकारमान कामी आले. तिचा अविभाज्यपणा कामी येतो तो यादृच्छिक संख्यांच्या निर्मितीत. हवामानाचे, रांगांचे किंवा अणुभट्टीतील कणांचे अनुकरण संगणकावर करावयाचे असल्यास नेम नसलेल्या भासणाऱ्या संख्यांची मोठी मालिका लागते. लुइस, गुडमन आणि मिलर ह्यांनी १९६९ मध्ये ह्यासाठी जी रीत प्रसिद्ध केली तिच्यात मागील संख्येस १६८०७ ने गुणून म(३१) ने भागता उरणारा शेष ही पुढील संख्या धरतात. १ पासून आरंभ केल्यास १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ अशी मालिका येते. ती केव्हा तरी फिरून १ वर येणारच. प्रश्न एवढाच की किती पदांनी. येथे ऑयलरचे काम उपयोगी पडते. म(३१) अविभाज्य असल्यामुळे अशी एखादी संख्या निश्चित असते की, जिच्या घातांचे शेष १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या सर्व संख्यांमधून प्रत्येकी एकदाच फिरून येतात. अशा लघुतम संख्येचे मूल्य येथे ७ आहे. १६८०७ हा ७ चा पाचवा घात होय. आता

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

ह्या अवयवांत ५ नाही. म्हणून ७ चा पाचवा घातही ७ प्रमाणेच सर्व शेषांमधून फिरतो आणि मालिका दोन अब्जांहून अधिक पदांनंतरच पुनरावृत्त होते. घातांक ५ ऐवजी ३ घेतला असता तर ती एक-तृतीयांशातच आटोपली असती. आजच्या वेगवान यंत्रांना दोन अब्ज पदेही तोकडी पडतात. त्यामुळे मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्यांनी १९९८ मध्ये मांडलेली, म(१९९३७) एवढ्या पदांनंतर पुनरावृत्त होणारी रीत पुढे अधिक प्रचारात आली. वारस मेर्सेनच्याच कुळातला निघाला.

२ पासून निघून म(२) = ३, म(३) = ७, म(७) = १२७, म(१२७) असे चढत गेल्यास चारही वेळा अविभाज्य संख्या मिळते. आपल्या शाखेतही ५ पासून म(५) = ३१ आणि म(३१) अशा दोन पायऱ्या चढता येतात. तिसरी पायरी, म्हणजे २१४७४८३६४७ हाच घातांक धरून येणारी संख्या, लिहावयाची झाली तर सुमारे चौसष्ट कोटी चौसष्ट लाख अंक लागतील. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ह्या भाजकातून १ वजा करून आपल्या संख्येच्या दुपटीने भागले असता बरोबर ६८७४५ येतात. ३१ ऐवजी म(३१) घेऊन वर दिलेला युक्तिवाद पुन्हा केल्यास ते तसे का यावयास हवे हे वाचकांस दिसून येईल.